साहुलच्या किनाऱ्यावर

नमस्कार, श्रोतेहो.

आफ्रिकेतून बाहेर पडलेला आधुनिक मानव दक्षिण आशियातून पूर्वेकडे सरकत गेला आणि एके ठिकाणी त्याच्या पायांखालची जमीन संपली. तेथून पुढे त्याने काय केले, याविषयी आज बोलायचे आहे.

त्या हिमयुगीन काळात समुद्राची पातळी बरीच खाली होती. सुमात्रा, जावा आणि बोर्निओ आशियाच्या मुख्य भूमीला जोडलेले होते, तर पलीकडे ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी आणि टास्मानिया मिळून एकच खंड होता. त्याला अभ्यासक साहुल म्हणतात. मधल्या बेटांभोवतीचे पाणी मात्र इतके खोल, की तेथे जमीन कधीच उघडी पडली नाही. वाघ बालीपर्यंत आला आणि थांबला. माणूस थांबला नाही.

वादळात ओंडक्यावर वाहत गेलेली चार-दोन माणसे साहुलला लागली असावीत, हे मला पटत नाही. तेथे टिकून वाढण्यासाठी निदान 1,300 माणसे पोहोचलेली असावीत, असे लोकसंख्येची गणिते मांडणाऱ्या संशोधकांचे अनुमान आहे, आणि एवढी माणसे योगायोगाने पोहोचत नाहीत. त्यांच्या होड्या उरल्या नाहीत, कारण लाकूड आणि बांबू कुजून जातात. पण पूर्व तिमोरमधील जेरिमलाई येथे सुमारे 42,000 वर्षांपूर्वीच्या थरांत कुपा माशाची हाडे मिळाली आहेत. कुपा हा खुल्या समुद्रातला, वेगाने पोहणारा मासा. त्याला धरणाऱ्यांना समुद्राची चांगलीच जाण असली पाहिजे.

उत्तर ऑस्ट्रेलियातील माजेदबेबे येथील अवशेष 65,000 वर्षांपूर्वीचे असल्याचे त्याच्या उत्खननकर्त्यांचे म्हणणे आहे. त्यावर वाद आहे. मात्र 50,000 वर्षांपूर्वीच्या सुमारास माणूस तेथे पोहोचला होता, हे बहुतेकांना मान्य आहे.

ही माणसे कशी होती, हे आग्नेय ऑस्ट्रेलियातील मुंगो या आज कोरड्या पडलेल्या सरोवराच्या काठी जवळून दिसते. 1968 साली जिम बाउलर या भूवैज्ञानिकाला तेथे एका स्त्रीचे जळालेले अवशेष आढळले. सुमारे 40,000 वर्षांपूर्वी तिचे दहन झाले होते. मग हाडे फोडून ती पुन्हा जाळली आणि पुरली होती. जवळच 1974 साली सापडलेल्या पुरुषाच्या देहावर गेरू शिंपडलेला होता, आणि असा गेरू त्या परिसरात मिळत नाही. कोणीतरी तो दुरून वाहून आणला होता. त्या स्त्रीचे अवशेष 1992 साली तेथील आदिवासी समाजांच्या हवाली करण्यात आले.