वार कोण ठरवतं?

(पडद्यावर: पहाटेचं अंगण, पेटलेली चूल. आवाज फक्त भाकरी थापण्याचा.)

अमळनेर तालुक्यातलं एक गाव. कळण्याची भाकरी तव्यावर पडलीय. ती फुगेपर्यंत या आईला एक काम उरकून घ्यायचंय. मुलाची डावी मूठ उघडायची.

तिचे हात नीट बघा. ती अंगठा ओढत नाही. मनगट जरासं वाकवते, करंगळीच्या कडेने मुठीच्या पाठीवर बोट फिरवते, पुन्हा फिरवते. मूठ सैल होते. तळहातावर भाकरीचा कोमट तुकडा येतो आणि बोटं त्याच्याभोवती मिटतात.

हे तिला जळगावच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी शिकवलं. तेव्हा मुलगा बावीस महिन्यांचा होता. मूठ उघडत नाही हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा तो चार महिन्यांचा होता.

मधले अठरा महिने निर्णय कोणाच्या हातात होता?

(आईचा बाइट, अहिराणीत: "त्याले समदं समजस. मी घरमा सांगं, हात उघडत नही. सासू म्हने, याना बाप बी उशिराच चालना व्हता.")

पहिला निर्णय इथे, ओट्यावर झाला. थांबायचं. मग भगताकडचा दोरा आला. दवाखान्याचं भाडं कोण काढणार, हे घरातल्या पुरुषांनी ठरवायचं होतं.

(आशाताईंची पिशवी, वजनकाटा, वही.)

दुसरा निर्णय या पिशवीत आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल, तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. पुढे तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांना. म्हणजे सव्वा वर्षात अकरा वेळा कोणीतरी या बाळाला हातात घेऊन बघू शकतं. माता-बाल संरक्षण कार्डावर चित्रं आहेत: मान धरणं, बसणं, आवाजाकडे वळणं. या मुलाच्या कार्डाचं पान आम्ही जवळून घेतलंय. वजनाचे ठिपके भरलेत. चित्रांपुढची जागा कोरी आहे.

आशाताईंना बोल लावणं सोपं आहे. पण साधारण हजार वस्तीमागे एक आशा, आणि बैठकीत विचारलं जातं ते वजन आणि लसीकरण. जे विचारलं जातं तेच भरलं जातं.

(अंगणवाडीसमोर आरोग्य पथकाची गाडी.)

ही गाडी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची. हा कार्यक्रम 2013 साली आपल्याच राज्यात, पालघरहून सुरू झाला. पथकात दोन डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता. अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी, शाळेत एकदा. जन्मजात व्यंग, जीवनसत्त्वांची कमतरता, बालपणीचे आजार आणि वाढीतला उशीर, हे सगळं याच रांगेत तपासायचं.

रांग बघा. तीन ते सहा वयाची मुलं रोज अंगणवाडीत येतात, ती इथे आहेतच. तीनच्या आतलं मूल घरी असतं, त्याला कोणीतरी उचलून आणावं लागतं. गाडी आली त्या दिवशी ही आई कापूस वेचायला गेली होती. गाडी पुन्हा आली सहा महिन्यांनी.

(धडगाव परिसर. पाड्यावरची तपासणी.)

हे चित्रण सातपुड्यातलं. डॉक्टर विचारतात, "बाळा, मामा कुठंय?" मूल गप्प. कागदावर पेन टेकतं. मागे बसलेली आजी तेच पावरीत विचारते, आणि मूल खुदकन हसून दाराकडे बोट दाखवतं. पेन उचललं जातं.

हा शॉट आम्ही कापला नाही. मूल बोलतं की नाही हे ठरवताना ते कुठल्या भाषेत विचारलं, हे लिहायला त्या कागदावर रकाना नाही. अहिराणी, पावरी, भिली, मावची बोलणारी ही मुलं आहेत. आजी शेजारी नसती तर काय लिहिलं गेलं असतं? या पाड्यावरची बरीच घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. उपचार तिथेच तुटतो.

(अमळनेर स्टेशन. कडेवर मूल, हातात फाइल.)

पथकाने चिठ्ठी दिली की पुढचा टप्पा जिल्ह्याच्या गावचा. शीघ्र हस्तक्षेप केंद्र. रेल्वेने धरणगाव, पाळधी, मग जळगाव. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपी, वाचा आणि श्रवण, दृष्टी, मानसशास्त्र, विशेष शिक्षक, हे सगळं एका छताखाली असावं अशी या केंद्रांची आखणी आहे.

पण ही आई आधी दुसऱ्याच खिडकीवर पोचली होती. तिथे तिला सांगितलं, आधी दिव्यांग प्रमाणपत्र आणा. चार खेपा गेल्या. प्रमाणपत्रावरचा अपंगत्वाचा टक्का आणि उपचार या वेगळ्या गोष्टी आहेत. 40 टक्क्यांची अट लागते ती योजनांना. आवळलेल्या मुठीवर काम सुरू करायला टक्का लागत नाही. हे तिला कोणीच सांगितलं नाही. तोवर मुलाच्या पायाचे स्नायूही आवळले, टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या होत्या.

दिव्यांगांच्या हक्कांच्या 2016च्या कायद्यात 40 टक्के आणि त्यावर अपंगत्व असलेल्या मुलाचा मोफत शिक्षणाचा हक्क सहाव्या वर्षापासून सुरू होतो. मेंदू सर्वांत वेगाने घडतो तो त्याआधी. अमेरिकेत 1986च्या कायद्याने तीन वर्षांखालच्या मुलासाठी कुटुंबासोबत बसून आराखडा लिहायची पद्धत घालून दिली. मूल यंत्रणेकडे आल्यापासून 45 दिवसांत पहिली बैठक, दर सहा महिन्यांनी फेरआढावा, आणि आईवडिलांच्या लेखी संमतीशिवाय सेवा सुरू होत नाही. आपल्याकडे आईच्या हातात पडते ती चिठ्ठी. त्यावर तारीख आधीच लिहिलेली असते.

(थेरपीची खोली. चटई, मोठा चेंडू. टेबलावर कार्ड.)

हा शेवटचा प्रसंग. आधी काही ठरलेलं नव्हतं, कॅमेरा चालू होता म्हणून मिळाला. ताई पुढच्या खेपेची तारीख घालतायत. गुरुवार.

(बाइट: "ताई, गुरुवारले मजुरी बुडस. बुधवारले आमना बाजार ऱ्हास, तवय काम बंद ऱ्हास.")

ताई थांबतात. मग विचारतात, "आणि घरी किती वेळा जमतं?" आई बोटांवर मोजते: चुलीपाशी एकदा, आंघोळीला एकदा, निजवताना एकदा. ताई कार्ड तिच्याकडे सरकवतात. गुरुवारवर रेघ ओढली जाते. खाली बुधवार. त्याखाली, आईने सांगितलं तसं: चूल, आंघोळ, निजवताना.

मुलाच्या डाव्या हातात पेनाचं टोपण आहे.