पेटीबाहेरची ऊब

हे बाळ दिवस भरायच्या आधीच आलं. वजन दीड किलोही नाही. टोपी, मोजे, लंगोट, एवढेच कपडे. छाती-पोट उघडं, कारण बाळाची कातडी आईच्या कातडीला लागायला हवी. याला कांगारू केअर म्हणतात.

सिस्टरांचे हात बघा. बाळाला आईच्या स्तनांच्या मधोमध उभं धरलं. मान एका बाजूला, हनुवटी किंचित वर, म्हणजे श्वास अडत नाही. हातपाय बेडकासारखे दुमडलेले. वरून सुती पट्टा, थेट कानाखालपर्यंत, आणि आईच्या पाठीमागे गाठ.

"हात सोडा ताई, पडत नाही ते."

ताई काही हात सोडत नाहीत.

बाळाची नजर अजून धूसर आहे. नाक मात्र तयार आहे. गर्भजलाचा वास आणि पहिल्या चिकाचा वास बराचसा जुळतो, म्हणून बाळ बरोबर तिकडेच तोंड वळवतं. कानाखाली आईच्या हृदयाचे ठोके, तेही ओळखीचे. पाठीवरून हात फिरतोय, सावकाश. अशा संथ, उबदार स्पर्शाला दाद देणारे वेगळे मज्जातंतूच आपल्या त्वचेत असतात. बाळाचा श्वास लयीत येतो. आईला पान्हा फुटतो.

ही पद्धत अडचणीतून निघाली. साल १९७८, कोलंबियाची राजधानी बोगोता. रुग्णालयात काचेच्या पेट्या अपुऱ्या, एकेका पेटीत एकाहून जास्त बाळं, त्यातून संसर्ग. डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी बाळं सरळ आयांच्या छातीवर दिली. पुढच्या वर्षी डॉ. हेक्टर मार्टिनेझ सोबतीला आले. बाळं ऊब धरू लागली, अंगावर पिऊ लागली, लवकर घरी जाऊ लागली.

२०२१ साली भारतासह पाच देशांतल्या अभ्यासाचे निष्कर्ष आले: जन्मल्याबरोबर हे सुरू केलं, तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे पाव हिश्श्याने घटतात.

आई जेवायला उठली. आता बाबांची पाळी. शर्टाची बटणं सोडली की झालं. आजी, मावशी, आत्या, कुणीही चालेल. हात स्वच्छ हवेत आणि सर्दी-ताप नको. दिवसाचे किमान आठ तास, जमेल तितके जास्त, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

पण अजून कितीतरी ठिकाणी आई दाराबाहेरच्या बाकावर बसून असते आणि दूध काढून आत पाठवते. त्या अभ्यासात सहभागी असलेल्या दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात आईची खाट बाळाशेजारी, अतिदक्षता कक्षातच टाकली गेली. आपल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात तशी खाट टाका.