आधी वाट, मग वेग: साखर कारखान्यातील संदेशवहन केबलची निवड

उपस्थित अभियंता बंधू-भगिनींनो,

साखर कारखान्यात नवी नियंत्रण यंत्रणा बसवायची ठरली, की संदेशवहनाच्या केबलची मागणी बहुधा सर्वांत शेवटी आणि एका ओळीत लिहिली जाते: कॅट 6 (तांब्याच्या नेटवर्क केबलची एक श्रेणी), इतके मीटर. या ओळीतून वेग कळतो, पण ती केबल कुठून जाणार आणि कशाला जोडली जाणार हे कळत नाही. माझा आग्रह असा आहे की आधी केबलची वाट पाहावी, दोन्ही टोकांचे कनेक्टर त्या वाटेचाच भाग मानावेत आणि वेगाचा विचार त्यानंतर करावा.

साखर कारखान्याचे उदाहरण मी मुद्दाम घेतो, कारण येथे एकाच आवारात अनेक परिस्थिती भेटतात. ऊस टाकतात त्या गव्हाणीजवळ धूळ आणि आघात असतात, मिल हाऊसमध्ये मोठ्या मोटरींचे ड्राइव्ह (वेग नियंत्रित करणारी उपकरणे) असतात, पॅनच्या (पाक आटवणाऱ्या भांड्यांच्या) मजल्यावर वाफ आणि चिकट पाक असतो, तर बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) अंगणात बारीक भुसा आणि उघडे ऊन असते. औद्योगिक जागांसाठी असलेल्या आयएसओ/आयईसी 11801-3 या मानकात परिसराची प्रतवारी यांत्रिक ताण, धूळ-पाण्याचा शिरकाव, हवामान व रसायने आणि विद्युतचुंबकीय उपद्रव अशा चार अंगांनी केली असून प्रत्येक अंगाच्या तीन पायऱ्या आहेत. नियंत्रण कक्षातून निघालेली केबल मिल हाऊसपर्यंत जात असेल, तर तिच्या वाटेतले सर्वांत कठोर दहा मीटर निवड ठरवतात. उरलेला भाग वातानुकूलित खोलीतून गेला म्हणून काही सवलत मिळत नाही.

सर्वाधिक गैरसमज शिल्डिंगबाबत, म्हणजे केबलमधील धातूच्या आवरणाबाबत, आढळतो. ड्राइव्हमधील आयजीबीटी हे इलेक्ट्रॉनिक स्विच अतिशय वेगाने उघडझाप करतात आणि त्यातून उठणारा उच्च वारंवारितेचा गोंगाट शेजारच्या केबलमध्ये शिरतो. फॉइल आणि विणलेली जाळी असे दुहेरी आवरण त्याला उत्तम अडवते, परंतु पॅनेलमध्ये शिरताना ती जाळी पिळून तिची शेपटी करून लांबच्या अर्थ (जमिनीशी जोडलेल्या) टर्मिनलला बांधली, तर त्या शेपटीचा उच्च वारंवारितेला होणारा विरोध इतका वाढतो की महागड्या केबलचा बराचसा उपयोग वाया जातो. जाळी पूर्ण घेरात, धातूच्या क्लँपने, पॅनेलच्या उघड्या, रंग नसलेल्या पत्र्याला टेकली पाहिजे. ती दोन्ही टोकांना अर्थ करावी. मात्र दोन्हीकडच्या अर्थमध्ये विभवांतर असेल, तर शिल्डमधूनच प्रवाह वाहू लागतो. अशा वेळी जाड समविभव वाहक (दोन्ही अर्थ एकाच विभवावर आणणारी तार) शेजारून टाकावा, किंवा त्या भागात तांब्याचा नाद सोडून फायबर (प्रकाशाने संदेश नेणारी केबल) घ्यावे. ड्राइव्हच्या मोटर केबलसोबत एकाच ट्रेमध्ये संदेशवहनाची केबल टाकणे हे काटकसरीचे काम नाही, हेही येथेच सांगतो.

जुन्या आरएस-485 (तारांच्या जोडीवरून संदेश पाठवण्याची पद्धत) जोडण्या, म्हणजे बहुतेक ठिकाणचा मॉडबस (यंत्रांच्या संवादाची भाषा), अजून बरीच वर्षे आपल्यासोबत राहणार आहेत. या पद्धतीत कमी वेगाला 1200 मीटरपर्यंत अंतर गाठता येते, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण दोनच तारा ओढून तिसरी, सामाईक संदर्भाची तार विसरली जाते. रिसीव्हर उणे 7 ते अधिक 12 व्होल्ट एवढाच सामाईक (दोन्ही तारांवर सारखाच येणारा) विद्युतदाब सहन करण्यासाठी बनवलेला असतो, आणि मोठ्या आवारात दोन पॅनेलच्या अर्थमधील फरक ही मर्यादा सहज ओलांडतो. त्यासाठी 120 ओहम लक्षण-अवरोधाची (धावत्या संदेशाला केबलचा होणारा विरोध), एक पिळाची जोडी आणि एक संदर्भ तार असलेली शिल्डेड केबल मागावी. मुख्य लाइनला ताऱ्यासारख्या फांद्या फोडू नयेत आणि टर्मिनेशन (120 ओहमचा रोधक) फक्त दोन टोकांना द्यावे. पुरवठा बंद करून दोन तारांमधील रोध मोजला तर तो साधारण 60 ओहम यावा. 120 आला तर एक टर्मिनेटर गायब आहे आणि 40 आला तर कोणीतरी तिसरा चालू ठेवला आहे. साध्या मल्टिमीटरने होणारी ही तपासणी कित्येक तासांची शोधाशोध वाचवते.

इथरनेटच्या बाबतीत तांब्यावर 100 मीटरची मर्यादा सर्वांना ठाऊक असते. कनेक्टरकडे मात्र दुर्लक्ष होते. आरजे-45 हा नेहमीचा नेटवर्क प्लग बंद पॅनेलच्या आत चांगला आहे. सेंट्रिफ्युगल (साखर वेगळी करणाऱ्या) यंत्राच्या अंगावर, जिथे सतत कंपन आणि धुण्याचे पाणी असते, तिथे स्क्रूने घट्ट बसणारा गोल कनेक्टर एम12 हवा: 100 मेगाबिटसाठी चार पिनांचा डी-कोड आणि गिगाबिट किंवा त्याहून अधिक वेगासाठी आठ पिनांचा एक्स-कोड. स्थिर बसवायच्या केबलमध्ये एकसंध तार चालते, पण हलणाऱ्या भागात ती थकून तुटते, म्हणून तेथे अनेक बारीक तारांची, पॉलियुरेथेन आवरणाची केबल घ्यावी. प्लगही त्याच प्रकारच्या तारेसाठी बनवलेला असावा. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची स्वस्त केबल बाजारात सहज मिळते. ती कारखान्यात येऊच देऊ नये.

दोन इमारतींमध्ये, अंतर कमी असले तरी, मी फायबरच सुचवीन. वळिवाच्या दिवसांत आवारात वीज पडली की दोन इमारतींच्या अर्थमध्ये क्षणभर प्रचंड फरक निर्माण होतो, आणि तांब्याची केबल तो थेट कंट्रोलरपर्यंत नेते. गोडव्यामुळे येणारे उंदीर हा साखर कारखान्यातला खरा शत्रू आहे. त्यांच्यासाठी पोलादी चिलखताची फायबर केबल घेतली, तर ते चिलखत स्वतःच विद्युतवाहक असते. ते दोन्हीकडच्या पॅनेलला जोडले की फायबर घेण्याचा हेतूच बाजूला पडतो. काचधाग्यांचे अधातू चिलखत असलेली केबल यासाठी अधिक योग्य ठरते.

या सर्व कामांना पावसाळ्यातला बंद काळ मिळतो. बॉयलर अग्निप्रदीपनापूर्वी प्रत्येक इथरनेट लिंक प्रमाणन करणाऱ्या टेस्टरने तपासून घ्यावी, कारण फक्त सातत्य दाखवणारे स्वस्त उपकरण तारा जोडलेल्या आहेत एवढेच सांगते. परावर्तन किती होते आणि एका जोडीचा संदेश दुसरीत किती झिरपतो, हे त्यातून कळत नाही. ठेकेदाराकडून हे मोजमाप केबलच्या क्रमांकासह लेखी घ्यावे आणि बिल त्यानंतरच मंजूर करावे.