बिननावाचं सीप्लेन ओळखताना

[दृश्य: टेबलावर दोन इंजिनांचं, निळ्या-पांढऱ्या रंगाचं मॉडेल. पंख शेजारी ठेवलेला आहे.]

विकणाऱ्याने सांगितलं, हे कॅटलिना आहे, म्हणजे दोन इंजिनांच्या त्या नामांकित लष्करी सीप्लेनचं मॉडेल. सोबत खोका नाही, आराखडा नाही, कुणी बांधलं तेही ठाऊक नाही.

रेडिओ कंट्रोलवर उडणारी सीप्लेन मॉडेलं एका हातातून दुसऱ्या हातात जातात आणि वाटेत कुठेतरी त्यांचं नाव हरवतं. मग पाण्यावर उतरणारं, दोन इंजिनांचं मॉडेल दिसलं, की त्याला सरसकट कॅटलिना म्हटलं जातं. पण नावाला फार महत्त्व आहे. नाव कळलं तर मूळ आराखडा शोधता येतो. इंजिन केवढं हवं, एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीचा हलता भाग) किती हलायला हवा आणि मुख्य म्हणजे गुरुत्वमध्य कुठे यायला हवा, हे त्या आराखड्यावर लिहिलेलं असतं. चुकीच्या नावाचा आराखडा हाती धरला आणि गुरुत्वमध्य मागे गेला, तर विमान पाण्यावरून सुटताच नाक वर करतं, वेग गमावतं आणि सावरायला वेळ न देता कोसळतं. कुणीतरी महिनोन्‌महिने खपून केलेलं काम पहिल्याच उड्डाणात संपतं.

म्हणून आज हे विमान नीट ओळखायचं.

[दृश्य: हात मॉडेल उचलून उलटं ठेवतात. तळाचा भाग जवळून.]

रंगापासून सुरुवात करायची नाही. रंग, पट्टे, शेपटीवरचे आकडे, लष्करी खुणा हे सगळं मालक आपल्या आवडीने बदलतो. निळं-पांढरं रंगवलं म्हणून ते नौदलाचं ठरत नाही. सीप्लेनची खरी ओळख पोटाखाली असते. तळाचा आकार बदलायला अख्खं विमान नव्याने बांधावं लागतं, त्यामुळे तो कुणी सहसा बदलत नाही.

पहिला प्रश्न सोपा आहे. पाण्यावर तरंगतं ते धड, की धडाखाली जोडलेले फ्लोट, म्हणजे नावेसारखे पोकळ तरंगते? फ्लोट असतील तर धडाच्या तळाला हात फिरवून बघा. चाकांचे पाय बसवायची, नंतर बुजवलेली भोकं सापडली, तर हे मुळात जमिनीवरून उडणारं शिकाऊ मॉडेल आहे आणि फ्लोट मागाहून आले आहेत. अशा वेळी शोध घ्यायचा तो त्या जमिनीवरच्या विमानाचा. फ्लोटची लांबी विमानाच्या लांबीच्या पाऊण पटीच्या आसपास असते. त्याहून फारच आखूड असतील तर ते दुसऱ्याच कुठल्या मॉडेलचे असण्याची शक्यता मोठी.

आपल्या टेबलावरच्या विमानाला मात्र नावेसारखं धड आहे. म्हणजे ही फ्लाइंग बोट आहे.

[दृश्य: तळाच्या मध्यावर असलेली आडवी पायरी. प्रकाश बाजूने.]

ही आडवी पायरी बघा. तळ नाकापासून सरळ येतो, मध्यावर एकदम काही मिलिमीटर वर सरकतो आणि मग शेपटीकडे चढत जातो. वेग वाढतो तसं पाणी तळाला चिकटून राहू पाहतं. वक्र पृष्ठभागावरून वाहणारं पाणी विमानाला खाली ओढतं आणि इंजिन कितीही जोरात फिरवलं तरी विमान सुटत नाही. पायरीपाशी मात्र पाण्याचा प्रवाह तुटतो, तिथे हवा शिरते, शेपटीकडचा तळ कोरडा पडतो आणि विमान पुढच्या तळावर घसरू लागतं. त्याला आपण ‘स्टेपवर आलं’ म्हणतो. खऱ्या विमानात आणि मॉडेलमध्ये हे तत्त्व एकच आहे.

ओळख पटवणाऱ्यासाठी या पायरीचा आणखी एक उपयोग आहे. ती गुरुत्वमध्याच्या किंचित मागे ठेवलेली असते. ती फार मागे असली तर विमानाला नाक उचलता येत नाही, पुढे असली तर ते शेपटीवर बसतं. म्हणजे ज्या माणसाने हे विमान आखलं, त्याने गुरुत्वमध्य साधारण कुठे धरला होता, हे आराखडा नसतानाही तळावर उमटलेलं आहे. मला या साऱ्या शोधात सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट हीच. पुढे आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

तळाच्या कडेला दोन्ही बाजूंना बारीक पट्ट्या चिकटवलेल्या दिसतात. पाण्याचे थेंब मॉडेलच्या मापात लहान होत नाहीत. उडालेला फवारा छोट्या विमानाच्या प्रॉपेलरवर फार जोरात आदळतो. तो खाली दाबायला या पट्ट्या लावतात. खऱ्या विमानाच्या चित्रात त्या सापडल्या नाहीत तर गोंधळून जाऊ नका.

[दृश्य: विमान सरळ केलेलं, पंख जोडलेला. समोरून आणि बाजूने.]

आता इंजिनाची जागा. कित्येक मॉडेलांचा शोध इथेच संपतो. शेपटीच्या उभ्या पंखावर इंजिन असेल तर ते बहुतेक सीविंड. केबिनच्या मागे, मागे तोंड करून ढकलणारा प्रॉपेलर आणि पंखाच्या टोकाला फ्लोट नसून धडालाच दोन्ही बाजूंना आखूड फळ्या असतील, तर आयकॉन ए५. ढकलणारं इंजिन धडावर खांब उभारून त्याच्या डोक्यावर ठेवलेलं असेल, तर ‘लेक’ नावाचं विमान. काही मॉडेलं मात्र कुठल्याच खऱ्या विमानाची नक्कल नसतात. एस आर/सी कंपनीच्या किटमधून येणारं केन विलार्ड यांचं सीमास्टर हे त्यातलं एक गाजलेलं नाव. अशा विमानाचा जोडीदार खऱ्या विमानांच्या चित्रांत शोधत बसणं व्यर्थ आहे, तिथे जुन्या किटच्या जाहिराती आणि मॉडेलिंगची मासिकं चाळावी लागतात.

आपल्या विमानाची दोन इंजिनं पंखाच्या पुढच्या कडेवर आहेत. आणि पंख थेट धडावर टेकलेला आहे.

कॅटलिना इथेच बाद होतं. १९३५ साली पहिल्यांदा उडालेल्या त्या विमानाचा पंख धडाच्या वर, एका जाड खांबावर उचलून धरलेला असतो. टोकांचे फ्लोट उड्डाणात वर दुमडून पंखाचंच टोक बनतात. आपल्याकडे फ्लोट पक्के, तिरक्या दांड्यांवर बसवलेले आहेत. तरी एक मोजमाप करून खात्री करू.

[दृश्य: मोजपट्टी. पंखाचं टोक ते टोक, नाक ते शेपटी.]

पंखाची लांबी २०३२ मिलिमीटर. धडाची १५८०. पहिलीला दुसरीने भागलं की येतात १.२९ च्या आसपास. कॅटलिनाचा पंख ३१.७ मीटर आणि लांबी साडेएकोणीस मीटर, गुणोत्तर १.६ च्या वर. इतका फरक कुठलाही मॉडेल बांधणारा करणार नाही. मॉडेल स्थिर उडावं म्हणून शेपटीचा आडवा पंख थोडा मोठा करण्याची पद्धत आहे, म्हणून शेपटीच्या मापावर फार भार टाकू नये. पण पंख आणि धड यांचं नातं बहुधा मूळचंच राखलेलं असतं.

पंख धडावर, दोन इंजिनं, पक्के फ्लोट, धडाच्या कुशीत चाकं मिटायच्या खोबणी. हे सगळं ग्रुमन कंपनीच्या घराण्याकडे बोट दाखवतं. त्यातही दोन उमेदवार उरतात. १९३७ चं गूज आणि १९४० चं विजन. गूजचा पंख १४.९४ मीटर, विजनचा १२.१९. गंमत म्हणजे दोघांचं पंख-धड गुणोत्तर जवळजवळ सारखंच आहे, १.२८ च्या घरात. मोजपट्टी इथे निकाल देऊ शकत नाही.

निकाल देतात इंजिनांची आवरणं. गूजवर प्रॅट अँड व्हिटनीची नऊ सिलिंडरची रेडियल इंजिनं होती. सिलिंडर वर्तुळात मांडलेले, म्हणून आवरण गोल आणि रुंद तोंडाचं. विजनवर मुळात रेंजर कंपनीची सहा सिलिंडरची इंजिनं होती, सिलिंडर एकामागे एक आणि उलटे टांगलेले. म्हणून आवरण अरुंद, उभट, लांब नाकाचं. आपल्या मॉडेलची आवरणं बघा.

[दृश्य: अरुंद, उभट आवरण, समोरून.]

अरुंद. उभट. पण एवढ्यावर शिक्का मारायचा नाही, कारण आवरणं बदलता येतात. शिवाय खऱ्या विजनपैकी कित्येकांवर पुढे लायकॉमिंगची आडवी इंजिनं बसवली गेली, म्हणजे अरुंद आवरण नसलेलं विमानही विजन असू शकतं. दुसरा पुरावा हवा. तो प्रमाणात मिळतो. गूज मानलं तर १४.९४ मीटरला २०३२ मिलिमीटरने भागून येतात साधारण ७.३५. असं अडनिडं प्रमाण घेऊन कोण आराखडा काढेल? विजन मानलं तर नेमके ६ येतात. एक षष्ठांश, मॉडेल बांधणाऱ्यांचं आवडतं प्रमाण. आणि २०३२ मिलिमीटर म्हणजे बरोबर ८० इंच. माप इंचात गोल बसतं, तेव्हा आराखडा इंचात विचार करणाऱ्याने काढला असावा. १५०० किंवा १६०० असा गोल मिलिमीटरचा आकडा आला असता, तर आपण वेगळ्या दिशेने शोधलं असतं.

तर हे कॅटलिना नाही. हे ग्रुमन विजन आहे, १/६ प्रमाणातलं.

[दृश्य: धडावरचं झाकण उघडतं. आत टॉर्चचा प्रकाश.]

विमानाचं नाव कळलं, आता मॉडेलचं घराणं. किट, तयार मॉडेल, की आराखड्यावरून हाताने बांधलेलं? आत डोकवा. किटमधल्या बालसाच्या (मॉडेलांसाठी वापरतात त्या हलक्या लाकडाच्या) तुकड्यांवर बहुतेक वेळा भागांचे क्रमांक छापलेले असतात. जुन्या किटमध्ये साच्याने दाबून कापलेल्या लाकडाच्या कडा चेपलेल्या, तंतू निघालेल्या दिसतात. लेझरने कापलेल्या कडा करपून तपकिरी होतात. इथे दोन्ही नाही. कडा करवतीच्या आहेत, घासून गुळगुळीत केलेल्या. धडाच्या लांब पट्ट्यांजवळ टाचण्यांची बारीक भोकं आहेत, कारण आराखडा पाटावर पसरून त्यावर लाकूड टाचलं होतं. पंखाच्या फासळ्यांमध्ये एका रेषेत दोन-दोन भोकं आहेत. सगळ्या फासळ्यांची चळत बोल्टने आवळून एकदम घासली, की अशी भोकं राहतात. आणि एका आडव्या भिंतीवर पेन्सिलने ओढलेली मध्यरेषा अजून स्पष्ट आहे.

कुणीतरी हे विमान संपूर्ण हाताने बांधलं आहे, आणि फार चांगलं बांधलं आहे. तळावर फायबरग्लासचं कापड एपॉक्सीने बसवलंय, त्याची वीण कडेला दिसते. झाकणाभोवतीची सीलंटची रेघ कुठेही तुटलेली नाही.

मग आराखडा कुणाचा? एकाच विमानाचे एकाच मापाचे आराखडे वेगवेगळ्या लोकांनी काढलेले असू शकतात. इथे आतल्या आडव्या भिंतींमधली अंतरं कामाला येतात. नाकापासून प्रत्येक भिंत किती मिलिमीटरवर आहे ते लिहून काढायचं आणि उपलब्ध आराखड्यांशी ताडून बघायचं. बाहेरचा आकार सगळ्यांचा सारखाच येणार, भिंतींची मांडणी मात्र प्रत्येकाची वेगळी. इंजिनामागच्या फळीची भोकंही टिपून ठेवा. त्यांच्यातल्या अंतरावरून मूळ इंजिन केवढं होतं याचा अंदाज येतो. इथल्या इंजिनांवर ४० हा आकडा आहे. तो घन इंचाच्या शंभराव्या भागांत मोजलेला असतो, म्हणजे साधारण साडेसहा सीसी.

[दृश्य: रिसीव्हर, त्यातला छोटा क्रिस्टल.]

रेडिओचे संदेश पकडणाऱ्या रिसीव्हरमध्ये कंपनसंख्या ठरवणारा क्रिस्टल आहे, त्यावर ७२ मेगाहर्ट्झचा आकडा आणि चॅनल क्रमांक. ७२ मेगाहर्ट्झवर मॉडेल विमानं अमेरिकेत उडत. युरोपात त्यासाठी ३५ मेगाहर्ट्झ होता. पण सांभाळून. रेडिओ विमानाचं वय सांगत नाही, शेवटच्या काळजीवाहू मालकाचा काळ सांगतो. सर्व्हो (विमानाचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटारी) आणि रिसीव्हर सहज बदलले जातात. हा संच आता काढून २.४ गिगाहर्ट्झचा बसवायचाच आहे. त्याच्या लहरी पाण्यातून जात नाहीत, म्हणून अँटेना पाण्याच्या रेषेच्या वर ठेवायची. जुनी निकेल-कॅडमियम बॅटरी आणि तिच्या काळवंडलेल्या तारा लगेच बाहेर.

[दृश्य: वजनकाटा. मग पायरीवर आणि पंखावर पेन्सिलची खूण.]

आणखी एक तपासणी पाण्यावरच्या विमानालाच लागते. त्याला तोला, कोरड्या हवेशीर जागी काही दिवस ठेवा, पुन्हा तोला. वजन उतरलं तर लाकडात पाणी मुरलं होतं. शेपटीकडे मुरलेलं पाणी गुरुत्वमध्य मागे खेचतं, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

आता पायरीकडे परत. तिची जागा धडाच्या बाजूवर खूण करून वर पंखापर्यंत न्या. दुसरीकडे, पंखाची सरासरी रुंदी काढा. निमुळत्या पंखात ती बुंध्याशी नसते आणि टोकाशीही नसते, हे विसरू नका. पुढच्या कडेपासून तिच्या २५ टक्क्यांवर दुसरी खूण, कारण गुरुत्वमध्य साधारण तिथेच धरतात. ही दुसरी खूण पायरीच्या रेषेच्या थोडी पुढे पडली. दोन वेगळ्या वाटांनी आलेले आकडे जुळले. आराखडा हाती नसतानाही पहिल्या उड्डाणासाठी गुरुत्वमध्य इथेच ठेवायला मी तयार आहे.

[दृश्य: डाव्या इंजिनामागची फळी. स्क्रूड्रायव्हरचं टोक लाकडात रुततं.]

त्याआधी एक काम आहे. ग्लो इंजिनाच्या (मॉडेलच्या छोट्या इंधनावरच्या इंजिनाच्या) इंधनातलं तेल वर्षानुवर्षं या फळीत झिरपलं आहे आणि लाकूड मऊ पडलं आहे. उजवी फळी टणक आहे, डावी नाही. आवरण काढून डावी फळी पूर्ण बदलायची, नवीन प्लायवूडला इंधनरोधक लेप द्यायचा, आणि मापं जुन्या फळीवरूनच घ्यायची, कारण तिच्यात इंजिन किती अंश बाहेर वळवलं आहे तेही कापलेलं आहे.