बॅटरी ते वूफर: एका बोलेरोची वायरिंग

(दृश्य: उघडं बॉनेट, बॅटरीवर हात)

दहा नंबरचा पाना फिरला आणि बॅटरीचा निगेटिव्ह मोकळा झाला. ॲम्प, म्हणजे गाण्याचा आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर, बसवायचं काम इथूनच सुरू होतं. पॉझिटिव्हवर काम करताना पाना चुकून बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. निगेटिव्ह आधी काढून ठेवला असेल, तर टेकला तरी काही बिघडत नाही.

धुळ्यात, मुंबई–आग्रा महामार्गाच्या कडेला हे गॅरेज आहे. बोलेरो शिरपूरकडची. लग्नसराई तोंडावर आली की इथल्या वायरिंगवाल्यांना जेवायला फुरसत मिळत नाही. खान्देशात गाडी घेतली की तिच्यात गाणं आलंच. काळ्या-पिवळ्या जीपमध्ये माणसं दाटीवाटीनं बसायची आणि वर कॅसेटवर अहिराणी गाणी चालायची. मग पेन ड्राइव्ह आले, आता ब्लूटूथ आहे. डेक (गाणी वाजवणारं यंत्र) बदलले, स्पीकर वाढले, वूफरच्या, म्हणजे जाड आवाजाच्या मोठ्या स्पीकरच्या, डब्यांना निळे दिवे लागले. तारेचं विचारलं, की गिऱ्हाईक आजही म्हणतं, "असेल ती टाका."

(दृश्य: लायटरच्या ज्योतीत दोन बारीक तारा)

हे जवळून बघा. दोन्ही तारांचा रंग तांब्याचा आहे. गॅरेजच्या मिस्तरींनी पहिलीवर ब्लेड ओढलं, तर आतून चांदीसारखी पांढरी निघाली. ते ॲल्युमिनियम, वरून तांब्याचा नुसता मुलामा. आता ज्योत. पांढरी तार वाकली आणि वितळून तुटली. दुसरी लाल झाली, पण जागची हलली नाही. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, तांब्याला १०८५ अंश लागतात. दुकानात दोन्हींवर '४ गेज' असंच छापलेलं असतं; गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप. मुलाम्याची तार मात्र तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या साधारण दोन-तृतीयांश इतकीच वीज वाहून नेते.

हिशेब अवघड नाही. या गाडीत ४०० वॉट आरएमएसचा, म्हणजे सलग ४०० वॉट देणारा, क्लास-डी प्रकारचा ॲम्प बसतोय. असा ॲम्प घेतलेल्या विजेतली ८० टक्क्यांच्या आसपास आवाजासाठी वापरतो, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणजे पूर्ण जोरात वाजताना त्याला बॅटरीकडून ५०० वॉट लागतात. इंजिन चालू असताना १३.८ व्होल्ट धरले, तर ते ३६ अँपिअर झाले. खोक्यावर छापलेल्या '३००० वॉट'कडे मिस्तरी बघतही नाहीत, ॲम्पवरचा फ्यूज किती अँपिअरचा आहे ते आधी बघतात. याच्यावर ४०चा आहे. बारीक तारेवर एवढा ॲम्प चालवणं म्हणजे, त्यांच्याच शब्दांत, "ठिबकच्या नळीवर केळीचं अख्खं शेत भिजवायला निघाल्यासारखं."

(दृश्य: बॅटरीशेजारी फ्यूज होल्डर)

तार ४ गेजची, अस्सल तांब्याची. तिच्यावर ६० अँपिअरचा फ्यूज. तो कुठे लागलाय बघा: बॅटरीपासून वीतभर अंतरावर. नियम अठरा इंचांच्या आत असा आहे. ॲम्पला स्वतःचा फ्यूज असताना इथे आणखी एक कशाला, असं गाडीमालकानं विचारलंच. ॲम्पचा फ्यूज ॲम्पपुरता. बॅटरीपासून मागपर्यंत जी लांब तार पत्र्याला घासत जाते, ती कुठे सोलली तर तिला वाचवायला दुसरं काही नाही. याच आठवड्यात आलेल्या एका गाडीत हा फ्यूज नव्हताच. गालिचाखाली तार वितळून पत्र्याला चिकटली होती. कोणाला इजा झाली नाही.

बॉनेटमधून आत यायला पत्र्याला भोक आहे, त्यात रबरी बूच. बूच नसेल तर पत्र्याची धार तारेला कापते. पुढे दाराखालची पट्टी उचलून उजव्या बाजूनं तार मागे गेली. डेकमधून ॲम्पला गाण्याचा सिग्नल नेणारी आरसीए केबल मात्र डावीकडून. दोन्ही एकत्र बांधल्या की अल्टरनेटरची (इंजिनावर चालणाऱ्या वीज बनवणाऱ्या यंत्राची) शिटी गाण्यात शिरू शकते आणि ॲक्सिलरेटर दाबला की तिचा सूर चढतो. ऐका. (क्षणभर निवेदन थांबतं. इंजिनाबरोबर चढणारी बारीक शिटी.) ही शेजारच्या गाडीतली. तिथे केबलही एकत्र होत्या आणि अर्थिंगही ढिलं होतं.

अर्थिंगवर, म्हणजे ॲम्पचा निगेटिव्ह गाडीच्या पत्र्याला जोडण्यावर, मिस्तरींचा सगळ्यात जास्त वेळ जातो. खालून डिझेलची टाकी कुठवर येते ते आधी वाकून पाहिलं, मग ड्रिल. पॉलिश पेपरनं रंग घासायचा, रंगाखालचा प्रायमरही घासायचा, पत्रा लखलखीत दिसेपर्यंत. रंगावर बोल्ट आवळला तर नीट अर्थ मिळत नाही. तार पॉझिटिव्हइतकीच जाड, लांबी दीड-दोन फूट. तारेच्या टोकाला थिंबल (धातूची कडी) दाबून बसवलं, बोल्ट आवळला, वरून गंज धरू नये म्हणून रंगाचा हात. हे काम गालिचाखाली जातं, गिऱ्हाइकाला ते कधी दिसत नाही आणि त्याचे वेगळे पैसेही कोणी देत नाही.

वूफरच्या डब्याचं सुतारकाम दुसरीकडे झालं. वूफर बारा इंची, दोन कॉइलचा, प्रत्येक कॉइलचा विजेला अडथळा ४ ओहम. दोन्ही पॅरलल जोडल्या की २ ओहम होतात, ॲम्पला तेच हवं. निळी-पांढरी बारीक तार डेकमधून येते. डेक सुरू झाला की तीच ॲम्पला जागं करते.

(दृश्य: मल्टिमीटरचा पडदा, शेजारी छोटा स्क्रूड्रायव्हर)

आता गेन. बहुतेक लोक गेनला आवाजाचं बटण समजतात आणि शेवटपर्यंत फिरवून मोकळे होतात. डेककडून येणारा सिग्नल आणि ॲम्प यांचा मेळ घालणं, एवढंच गेनचं काम. निगेटिव्ह पुन्हा जोडला, इंजिन सुरू केलं. वूफरची तार काढून ठेवली. डेकचा बास-ट्रेबल शून्यावर, आवाज तीन-चतुर्थांशावर आणि पेन ड्राइव्हमध्ये ५० हर्ट्झचा सलग सूर. मीटर एसी व्होल्टवर. ४०० वॉट गुणिले २ ओहम म्हणजे ८००, त्याचं वर्गमूळ २८.३, मीटरवर तेवढे व्होल्ट यायला हवेत. स्क्रू केसभर फिरतो... १९... २४... २७... २८. थांबले. यापुढे नेलं तर लहरींची डोकी सपाट होतात, आवाज फाटतो आणि कॉइल तापून जळते.

वूफरला ८० हर्ट्झच्या खालचे जाड सूर, दारातल्या स्पीकरना त्याच्या वरचे. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीशी गाठतो, म्हणून ॲम्पवर गालिचा टाकायचा नाही. रात्री दहानंतर गावात मोठ्यानं वाजवायचं नाही, तो कायदा आहे.

(दृश्य: पहिलं गाणं, थरथरणारा आरसा)

मालक म्हणाला, "आते वाजस बरं!" लगेच पुढचा प्रश्न, अजून थोडं वाढवता येईल का? मिस्तरींनी उत्तर दिलं नाही. खिशातून नेलपॉलिशची बाटली काढली आणि गेनच्या स्क्रूवर, कडेच्या पत्र्यासकट, लाल ठिपका ठेवला. रस्त्याच्या धक्क्यांनी बोल्ट सैल पडतात, म्हणून आठ दिवसांनी गाडी आवळायला परत यायची आहे. तेव्हा हा ठिपका तुटलाय का, हे आधी बघितलं जाईल.