काळा ठिपका, चढतं पाणी

गाळणकागदाची एक पट्टी. खालून दोन सेंटिमीटरवर पेन्सिलची रेघ आणि त्या रेघेवर काळ्या शाईचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका. रेघ पेन्सिलचीच हवी. पेनने ओढली, तर तिचीही शाई पाण्याबरोबर वर चढू लागेल.

आता पट्टीचं टोक पाण्यात सोडू, ठिपका मात्र पाण्याच्या वर राहू दे. कागदाच्या तंतूंमधून पाणी वर चढतंय... ठिपक्यापर्यंत पोचलं. आणि बघा, काळा रंग फुटायला लागला! निळा पुढे निघाला, गुलाबी मागे रेंगाळला. हे सगळे रंग शाईत आधीपासूनच होते.

याला म्हणतात क्रोमॅटोग्राफी. कागद जागचा हलत नाही, ती स्थिर प्रावस्था. पाणी पुढे सरकतं, ती चल प्रावस्था. रंगाचा प्रत्येक रेणू कागदाला धरतो, सुटतो, थोडा वाहतो, पुन्हा धरतो. ज्याची कागदाशी जवळीक जास्त, तो मागे पडतो. एका वेळचा फरक अगदी किरकोळ असतो. पण हीच धरसोड असंख्य वेळा झाली की रंगांमध्ये डोळ्यांना दिसेल एवढं अंतर पडतं. मला या तंत्राचं सगळं सौंदर्य इथेच दिसतं.

पेन्सिलच्या रेघेपासून पाणी ८ सेंटिमीटर चढलं आणि निळा रंग ६, तर ६ भागिले ८, म्हणजे ०.७५. हे झालं त्या रंगाचं आर-एफ मूल्य. कागद, द्रावक (वर चढणारा द्रव, इथे पाणी) आणि तापमान तेच ठेवलं, तर हा आकडा फारसा हलत नाही. तरीही ओळख पटवताना माहीत असलेल्या पदार्थाचा ठिपका त्याच पट्टीवर शेजारी द्यावा, हे उत्तम.

रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी काचेच्या अरुंद नळीत खडूची भुकटी ठासून भरली आणि वरून पानांचा अर्क ओतला. नळीत हिरवे-पिवळे पट्टे वेगवेगळे उभे राहिले. १९०६ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं, पण बहुतेकांनी दुर्लक्ष केलं. १९१९ मध्ये ते वारले. पद्धतीला खरी मान्यता मिळाली १९३०च्या दशकात. पुढे १९५२चं रसायनशास्त्राचं नोबेल याच तंत्रातल्या कामासाठी आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांना मिळालं.

पदार्थ रंगहीन असला तरी अडत नाही. अमिनो आम्लांच्या, म्हणजे प्रथिनांच्या घटकांच्या, कागदावर निनहायड्रिन हे रसायन फवारून गरम केलं की बहुतेक ठिपके जांभळे होऊन दिसतात. एचपीएलसी (उच्च कार्यक्षमतेची द्रव क्रोमॅटोग्राफी) यंत्रात द्रावक प्रचंड दाबाने बारीक कणांनी भरलेल्या नळीतून, म्हणजे स्तंभातून, ढकलतात आणि बाहेर पडणारा प्रत्येक घटक डिटेक्टर टिपतो. स्तंभाचं काम मात्र वेगळं करण्यापुरतंच. घटक नेमका कोणता याची खात्री करायला पुढे बऱ्याचदा मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंच्या वस्तुमानावरून त्यांची ओळख पटवणारं यंत्र, जोडतात.