भरतीचे मैदान, पेन्शनचे टेबल

(दृश्य: पहाट, सातारा जिल्ह्यातील डांबरी रस्ता, धावणारी मुले. सुरुवातीला फक्त पावलांचा आवाज ठेवावा.)

सूर्य उगवेपर्यंत या रस्त्यावर सैन्यभरतीच्या मुलांचाच हक्क चालतो. सातारा, सांगली आणि कोल्हापूर या जिल्ह्यांत कोणत्याही मोठ्या गावाबाहेर पहाटे उभे राहिले, तर झिजलेले बूट घातलेली, जर्किन कमरेला गुंडाळलेली आणि मोबाइलवरचे सेकंद मोजत धावणारी अशी मुले दिसतात. सोळाशे मीटरचे अंतर साडेपाच मिनिटांच्या आत कापले, तर धावण्याचे पूर्ण 60 गुण मिळतात. त्यापुढे गुण घसरू लागतात. म्हणून या मुलांचे सगळे गणित चारशे मीटरच्या चार फेऱ्यांवर बसवलेले असते. पहिल्या फेरीत जोशात सुटणारा मुलगा तिसऱ्या फेरीत हमखास मागे पडतो, आणि सराव घेणारे निवृत्त हवालदार शिट्टी वाजवून नेमक्या त्याच मुलाला पुन्हा रेषेवर बोलावतात.

धावणे संपले की बीम. दहा पुलअप्स काढले तर 40 गुण मिळतात. हात पूर्ण सरळ न करता काढलेला पुलअप मोजला जात नाही. नऊ फुटी खड्डा आणि झिगझॅग पट्टीवरचा तोल यांना गुण नसले, तरी त्यांत नापास झालेला मुलगा तिथूनच घरी जातो. पडद्यावर जो मुलगा खड्ड्याच्या काठावर तीन वेळा अडखळताना दिसतो, त्याला हवालदार उडी शिकवत नाहीत. ते त्याचे धावत येणे दुरुस्त करतात आणि शेवटचे पाऊल आखूड टाकायला लावतात. चौथ्या वेळी तो पलीकडे पोहोचतो. यानंतर छातीचे माप आहे, ती फुगवल्यावर पाच सेंटिमीटर वाढावी लागते. वैद्यकीय तपासणी आहे, तिथे सपाट तळवे, एकमेकांना टेकणारे गुडघे किंवा रंगांची गल्लत एवढ्यावरून वर्षभराची मेहनत वाया जाऊ शकते. 2023 पासून तर मैदानाच्या आधी संगणकावरची लेखी परीक्षा आली आहे, त्यामुळे याच मुलांच्या पिशवीत बुटांबरोबर गणिताचे पुस्तकही असते.

ही मुले सैन्यात का जाऊ पाहतात, हे विचारल्यावर कॅमेऱ्यासमोर पहिले उत्तर देशसेवा असे येते, आणि ते खोटे मानण्याचे कारण नाही. पण थोडे थांबले की बाकीची उत्तरे येऊ लागतात: दोन एकर जिरायत आणि तीन भाऊ, बहिणीच्या लग्नाचे कर्ज, वर्गातला मित्र लागला म्हणून, आणि घरच्या भिंतीवर वर्दीतल्या आजोबांचा फोटो आहे म्हणून. माण आणि खटाव हे पर्जन्यछायेतले तालुके आहेत. तिथल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या एक माणूस मुंबईच्या गिरणीत किंवा माथाडी कामाला गेला आणि एक पलटणीत. दोघांच्या मनीऑर्डरींवर मागची शेती तगली. देशप्रेम आणि पगार यांच्यात एकाची निवड करा, असे या घरांना कधी कोणी विचारले नाही, आणि आपणही विचारू नये.

(दृश्य: अपशिंगे गाव, स्मारक, मग घराघरांतील फोटो.)

सातारा तालुक्यातील या गावाचे नावच मिलिटरी अपशिंगे असे पडले आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावातील 46 जवान मरण पावले. त्या काळात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढत होत्या. सहाव्या पुणे डिव्हिजनला तुर्कांनी कुत अल अमारा येथे डिसेंबर 1915 मध्ये वेढले आणि उपासमारीनंतर 29 एप्रिल 1916 रोजी तिला शरण जावे लागले, तेव्हा कैद झालेल्यांमध्ये आपल्याकडचे शेतकरीही होते. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नाईक यशवंत घाडगे यांना इटलीतल्या टायबर खोऱ्यातील लढाईसाठी मरणोत्तर, आणि शिपाई नामदेव जाधव यांना सेनियो नदीवरील लढाईसाठी, व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. साम्राज्य दुसऱ्याचे होते, युद्धही दुसऱ्याचे होते. तरीही गावाने ती आठवण आपली मानली, आणि पुढे स्वतंत्र भारताच्या सैन्यात मुले पाठवताना तीच परंपरा म्हणून सांगितली. अपशिंग्यात आजही क्वचितच एखादे घर असे सापडेल, ज्यातील कोणी वर्दी घातलेली नाही.

सातारा शहरातली दुसरी एक गोष्ट मात्र या फोटोंच्या रांगेत सहसा येत नाही. सुभेदार रामजी सकपाळ सैन्यातून निवृत्त झाल्यानंतर कुटुंबासह साताऱ्यात राहिले, आणि त्यांचा धाकटा मुलगा भीमराव इथल्या सरकारी शाळेत 1900 साली दाखल झाला. महार घरातल्या माणसाला सुभेदार हा हुद्दा, पलटणीच्या शाळेत शिकवण्याचे काम आणि पेन्शन हे सगळे सैन्यामुळे मिळाले होते. गावात यातले काहीही मिळाले नसते. इंग्रजांनी 1890 च्या दशकात महारांची भरती बंद केली, तेव्हा निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी त्या बंदीविरुद्ध अर्ज लिहिला, पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी ती मागणी लावून धरली. 1917 मध्ये युद्धाच्या गरजेपोटी 111 वी महार पलटण उभी राहिली आणि गरज संपताच 1921 मध्ये मोडली. महार रेजिमेंट उभी राहायला 1941 साल उजाडावे लागले. सैन्यात जाण्यासाठी अर्ज करून भांडावे लागलेल्या या लोकांना वर्दीत शौर्याइतकाच माणूस म्हणून उभे राहण्याचा हक्क दिसत होता. हा भाग आम्ही मुद्दाम लांबवला आहे.

(दृश्य: पुणे, कृत्रिम अवयव केंद्र, कार्यशाळेतील हात. नैसर्गिक ध्वनी.)

पुण्यातले कृत्रिम अवयव केंद्र 1944 पासून चालू आहे. गुडघ्याखाली उरलेल्या पायाभोवती प्लास्टरची ओली पट्टी गुंडाळून आधी साचा काढतात, त्यात पुन्हा प्लास्टर ओतून पायाची प्रतिकृती तयार करतात आणि कानशीने ती हळूहळू घासतात: जिथे हाडाला भार सोसत नाही तिथे जागा सोडायची, जिथे सोसतो तिथे घट्ट बसवायचे. तापवलेले प्लास्टिक त्यावर ओढले की सॉकेट, म्हणजे उरलेला पाय बसतो ती खोबण, होते. जवान उभा राहतो, चार पावले चालतो, दुखते तिथे बोट ठेवतो, आणि सॉकेट पुन्हा घासायला जाते. पुढे तो पाय बारीक होतो, म्हणून हे काम आयुष्यात अनेकदा करावे लागते. जवळच खडकीत असलेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था 1917 पासून अपंग सैनिकांना हाताचे कौशल्य शिकवत आली आहे. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाले आणि 1972 मध्ये त्यांनी हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. पद्मश्री मिळाली ती 2018 मध्ये.

(दृश्य: जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. खिडकी, फायली, बाकावर बसलेल्या स्त्रिया.)

दरवर्षी 7 डिसेंबरला, सैनिकांसाठी निधी गोळा करणाऱ्या ध्वजदिनाचे छोटे झेंडे छातीवर लागतात. त्या निधीचे काम उरलेल्या दिवसांत अशा टेबलांवर चालते. इथे सर्वाधिक वेळ जातो तो नावांवर. लग्नात मुलीचे नाव बदलले, पलटणीच्या दप्तरात माहेरचे नाव राहिले, आधारवर ‘बाई’ जोडले गेले, आणि पीपीओमध्ये, म्हणजे पेन्शनच्या मूळ आदेशात, जन्मतारीखच नाही. पती हयात असेपर्यंत हे कोणाला खटकत नाही. तो गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज लावायचा तर या सगळ्या कागदांवर बाई एकच आहे हे सिद्ध करावे लागते: ग्रामपंचायतीचा दाखला, प्रतिज्ञापत्र, रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार, मराठ्यांचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला. हयातीच्या दाखल्यासाठी यंत्रावर अंगठा ठेवायचा, तर आयुष्यभर खुरपणी केलेल्या बोटावर ठसा उमटत नाही. पडद्यावरच्या आजी अंगठा पदराला पुसून पुन्हा ठेवतात, तो प्रसंग आम्ही न कापता ठेवला आहे.

(निवेदन थांबते. दृश्य चालू.)

जून 2022 मध्ये सैन्यभरतीची अग्निपथ योजना आली. चार वर्षांची सेवा, त्यानंतर जास्तीत जास्त चौथा हिस्सा कायम, बाकीच्यांना सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी, पेन्शन नाही. सेवेत मृत्यू झाल्यास 48 लाखांचा विमा आणि अन्य रकमा आहेत, पण नियमित जवानाच्या घरी येते तसे दरमहा कुटुंब निवृत्तिवेतन नाही. पहाटेच्या रस्त्यावरची मुले याच योजनेसाठी धावत आहेत.

आपल्या गावात माजी सैनिक असतील, तर त्यांच्या पीपीओवर पत्नीचे नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का, एवढे विचारून पाहावे. जुळत नसेल, तर दुरुस्तीचा अर्ज त्यांनी स्वतः, आपल्या सहीने, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसकडे पाठवावा. सोबत पीपीओची प्रत, दोघांची आधारकार्डे आणि विवाहाचा पुरावा न्यावा.